जिनाप्पा पेंटरचे पाहुणे

जिनाप्पा पेंटर माणसांना अरे-तुरे करायचा आणि जनावरांना अहो-जाहो.

दुसऱ्या महायुद्धाच्या, आमच्या बोलण्यातल्या लढाईच्या, सुरुवातीला मी सांगलीच्या पेठेत फोटो स्टुडिओ काढला. जागा सुंदराक्का नावाच्या एका जैन विधवा बाईंची. वर त्या राहायच्या. खाली रस्त्याच्या अंगाला डावीकडे माझा स्टुडिओ, उजवीकडे जिनाप्पाच्या दोन खोल्या, आणि मागचं परसू आम्हा दोघांत मिळून. पहिल्याच सकाळी मी पडदे टांगत होतो, तर परसातून आवाज आला, "बसा की. हुबं ऱ्हाऊन पाय भरून येतील. मला काय घाई न्हाई. तुमास्नी हाय का?"

कुणीतरी वजनदार गिऱ्हाईक आलेलं दिसतंय, आपलीही ओळख झालेली बरी, म्हणून मी डोक्यावर टोपी ठेवून परसात गेलो. तिथं एक म्हैस उभी होती. तिच्यासमोर स्टुलावर एक उंच, लुकडा माणूस बसला होता. कानावर ब्रश, दुसरा ब्रश दातांत, धोतरावर सगळे रंग. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ए, बाजूला सरक. त्येंच्या तोंडावर सावली पडतीय."

अशी आमची ओळख झाली. त्यानं माझं नाव कधी विचारलं नाही. मी फोटो काढतो हे कळल्यावर तो मला ‘फोटो’ म्हणू लागला. "ए फोटो, चहा केलायस का?" असं. माझ्यापेक्षा तो पंधरावीस वर्षांनी मोठा होता, पण सगळी पेठ त्याला ए जिनाप्पा म्हणायची, त्यामुळे मीही म्हणायचो. त्याला त्याचं काही नव्हतं. मात्र त्याच्या शेळीला कुणी ‘ए शेळे’ म्हटलं तर तो ब्रश खाली ठेवायचा.

जिनाप्पा फक्त जनावरांची चित्रं काढी. आमच्या भागात जनावरांची हौस दांडगी. कुणाचा खिलारी बैल, कुणाचा झुंजीचा एडका, कुणाची घोडी. त्यांचे फोटो काढायला मालक आधी माझ्याकडे यायचे. माझा कॅमेरा त्या काळातला, काळं फडकं डोक्यावर घेऊन "हलू नका" म्हणावं लागायचं. मालक हलायचे नाहीत. बैल हलायचा. प्लेट धुतल्यावर पाच पायांचा आणि बिनशेपटीचा काहीतरी धूसर प्राणी, आणि त्याच्या बाजूला दोरी धरून अगदी स्पष्ट आलेले मालक, असा प्रकार व्हायचा. मग मी त्यांना शेजारी धाडी.

शेजारी गेलं की जिनाप्पाची पहिली अट. जनावर इथं ठेवून जायचं.

"आनि मी?" मालक विचारायचा.

"तू घरला जा. मालक जवळ असला की जनावर मालकाचं तोंड करतंय. मला त्येंचं तोंड पायजे."

मालक गेला की जिनाप्पा आधी काही दिवस ब्रशला हातच लावायचा नाही. नुसता बसायचा. जनावर खातं कसं, कुठं खाजवतं, कुणाच्या आवाजाला कान टवकारतं, ते बघत बसायचा. त्यांना तो ‘पावणे’ म्हणायचा. "आज पावण्यांनी वैरन निम्मी सोडली," असं काळजीनं सांगायचा. झुपकेदार शेपटीचा एक एडका आला होता, त्याला परसातल्या पायरीशी धडका मारायची सवय. जिनाप्पानं पायरीला गोणपाट बांधलं. "त्येंचं डोकं दुखंल," म्हणाला. त्या पायरीवरून मी दोनदा घसरून पडलो, माझ्या डोक्याची चौकशी झाली नाही.

चित्रात तो काही दुरुस्त करत नसे. मिरजेकडचा एक शेतकरी शिंग मोडलेला बैल घेऊन आला आणि म्हणाला, "चित्रात तेवढं शिंग सरळ करा."

"का रं?"

"शोभत न्हाई."

"त्येंनी झाडाला धडक देऊन मोडलंय. त्येंचं त्येंनी मोडलं, मी का जोडू?" जिनाप्पा म्हणाला. "तुझं चित्र काढलं तर तुझ्या डोईवर केस काढू का?" शेतकरी टकलू होता. चित्र मोडक्या शिंगासकट गेलं.

माणूस तर चित्रात त्याला चालतच नसे. साताऱ्याच्या एका इनामदारांनी त्याला कुत्र्याचं चित्र काढायला बोलावून घेतलं होतं. इनामदारांची इच्छा अशी की कुत्रा पायाशी, आपण खुर्चीत, हातात बंदूक. जिनाप्पानं कुत्रा असा काढला की आता भुंकेल. त्याच्या मागे खुर्चीचे दोन पाय आणि इनामदारांचे दोन बूट. त्यावर चौकट संपली. इनामदार लालबुंद झाले. "आम्ही कुठं आहोत?" म्हणाले. जिनाप्पानं बोटानं चौकटीच्या वरची मोकळी भिंत दाखवली. "तुमी हितं हाय की." इनामदारीणबाई पडद्याआडून हसल्या म्हणून तो तिथून धड परत आला. इनामदारांना मात्र त्यानं ‘तुमी’ म्हटलं होतं. मी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, "कुत्रं बसलं हुतं न्हवं शेजारी. त्येंच्यादेखत त्येंच्या मालकाचा अपमान कशाला?"

सगळ्यात प्रसिद्ध होतं ते त्याचं एक वाक्य. मालक जनावर परत न्यायला आला की जिनाप्पा दारातच म्हणायचा, "डोळा ऱ्हायलाय."

डोळा तो सगळ्यांत शेवटी काढायचा. बाकी सगळं अंग, केस, खूर, सावली, सगळं होऊन जाई, आणि चित्रावर एक फडकं पडे. मालक आठ दिवसांनी येई, डोळा राहिलेला असे. पुन्हा येई, तरी राहिलेलाच. कवठे महांकाळकडचे एक पाटील म्हशीसाठी हेलपाटे घालून कंटाळले. एकदा भर रस्त्यात ओरडले, "आरं तू चित्र काढतोयस का दूध काढतोयस?"

"दूध बी काढावं लागतंय," जिनाप्पा शांतपणे म्हणाला. "न्हाई काढलं तर त्येंची कास दुखती. तांब्या भरून ठेवलाय, घेऊन जा."

"आनि म्हस?"

"डोळा ऱ्हायलाय."

दूध घेऊन पाटील गेले. त्या दुपारी जिनाप्पा नदीवर गेला असताना मी परसात स्टुडिओचे पडदे वाळत घालायला गेलो. वाऱ्यानं चित्रावरचं फडकं उडालं होतं. मी ते परत टाकायला गेलो आणि थांबलो. चित्रातली म्हैस माझ्याकडे बघत होती. दोन्ही डोळे पुरे झाले होते. पाण्याचा ओलसरपणा, आत परसातल्या उंबराची बारीकशी छाया, सगळं. रंग इतका वाळलेला की त्यावर धूळ बसली होती.

जिनाप्पा मागं येऊन उभा राहिला होता. मला वाटलं, आता हा भडकणार. पण तो अंग चोरून म्हणाला, "बघितलंस व्हय? कुनाला बोलू नगंस गड्या. उद्या लावून देतो त्येंना." आणि मग म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, "पावणं गेलं की घर लय मोकळं वाटतं रं."

तोवर माझी समजूत अशी होती की हा ब्रह्मचारी आहे. त्याचं लग्न झालं होतं हे मला सुंदराक्कांनी सांगितलं. मी त्यांना दिवाळीचा फोटो द्यायला वर गेलो होतो. त्या तांदळातले खडे निवडत होत्या. निवडता निवडताच त्यांनी सगळं सांगितलं.

जिनाप्पा पूर्वी सगळंच काढायचा. दुकानांच्या पाट्या, देव, लग्नातल्या भिंती, माणसांचे चेहरेसुद्धा. बायकोचं नाव चंपाबाई. हसरी, बोलकी, आणि याच्या दुप्पट वेगानं बोलणारी. त्यांना एक मुलगी झाली, रत्ना. ती पाचसहा वर्षांची असताना तापानं गेली. जिनाप्पा रडला, ओरडला, आणि हळूहळू परत पाट्या रंगवू लागला. चंपाबाई रडली नाही. ती बस्तीत जाऊन बसू लागली. जैन मंदिराला आमच्याकडे बस्ती म्हणतात. आधी एक वेळचं जेवण सोडलं, मग मीठ, मग तूप. मग एक दिवस तिनं नवऱ्यासमोर बसून दीक्षेची परवानगी मागितली. आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, व्हायचं तर घर, नाव, नातं, सगळं सुटतं. दोन पांढरी लुगडी, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढंच जवळ. पायी गावोगाव फिरायचं. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय दीक्षा देत नाहीत.

"मग हा हो म्हणाला?" मी विचारलं.

"म्हनला की. म्हनला, हितं तिला कुठं बरं वाटतंय? तितं वाटंल तर जाऊ दे." सुंदराक्कांनी सूप खाली ठेवलं. "दीक्षेला मी गेलते. केस हातानं उपटत्यात बघा. तिच्या डोळ्यांत टिपूस न्हवतं. हा मानसांच्या मागं खांबाला धरून हुबा, आनि ह्येच्या डोळ्यांस्नी धार."

त्यानंतर त्यानं माणूस काढला नाही. मी एकदा, फार जपून, त्याला विचारलं की माणसं का सोडलीस. त्यानं बराच वेळ ब्रश धुतला. "जनावर घर सोडून जातंय का रं कवा?" म्हणाला. "हाकललं तरी माघारी येतंय. मरतंय तेवढं." आणि लगेच शेळीला म्हणाला, "बाईसाहेब, तुमी पाला खावा. ह्यो फोटो कायबी इचारतोय."

लढाई संपली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बातमी आली की आर्यिकांचा एक संघ चातुर्मासासाठी सांगलीत मुक्काम करणार आहे, आणि त्यात चंपाबाई आहेत. दीक्षेनंतरचं त्यांचं नाव वेगळं होतं. जिनाप्पानं ते कधी उच्चारलं नाही. तो म्हणायचा, "माताजी". मीही तेच म्हणतो.

आर्यिका दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, घरी, ओंजळीत. सकाळी श्रावक सोवळ्यानं दाराशी कलश घेऊन उभे राहतात आणि "अत्र तिष्ठ, तिष्ठ" म्हणजे ‘इथं थांबा’ अशी विनंती करतात. आर्यिका मनात काही नेम धरून निघतात. तो नेम ज्या दारी पुरा होईल तिथं थांबतात. नेम काय होता, हे कुणाला सांगत नाहीत. कुठंच पुरा झाला नाही तर त्या दिवशी उपास.

जिनाप्पानं ठरवलं की आपण उभं राहायचं.

सुंदराक्का त्याच्यावर तुटून पडल्या. "तुज्या घरात? आरं, घासात एक केस निघाला तरी अंतराय हुतोय. हातातला घास टाकून उठावं लागतंय माताजींना, मग दुसऱ्या दिवसापतूर पान्याचा थेंब न्हाई. तुज्या घरात केसाबिगर हाय काय?"

ते खरं होतं. त्याच्या घरात शेळीचे केस होते, मांजराचे होते, घोडीचे, एडक्याचे होते. ब्रशसुद्धा केसांचे. दुसऱ्या दिवशी त्यानं आवरायला घेतलं.

चित्रासाठी आलेली जनावरं त्यानं एकेक करून मालकांकडे पोचवली. डोळा राहिलाय असं एकदाही म्हणाला नाही. कवठे महांकाळच्या पाटलांची दुसरी म्हैस आली होती, ती तर चित्र न होताच परत गेली. पाटील घाबरून मला विचारायला आले, पेंटर आजारी आहे का. शेळीला त्यानं स्वतः पांजरपोळात नेऊन सोडलं, येताना तिथल्या माणसाला दम दिला, "अहो म्हनायचं त्येंना." मांजर माझ्या बायकोनं पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या घरी नेलं. ब्रशांचं गाठोडं माझ्या अंधाऱ्या खोलीत आलं. आणि कुणीतरी कधीकाळी चित्रासाठी आणून विसरून गेलेला एक पोपट होता, त्याचा पिंजरा माझ्या स्टुडिओत टांगला. त्यानं इतक्या वर्षांत एकच वाक्य उचललं होतं. एक नवं जोडपं फोटोला बसलं, मी फडक्याखाली शिरलो, आणि डोक्यावरून पोपट ओरडला, "डोळा ऱ्हायलाय!" नवरीनं दचकून दोन्ही डोळे झाकून घेतले. तो फोटो तसाच आला.

मग जिनाप्पानं भिंती खरवडल्या, त्यांना चुना दिला, जमीन शेणानं नव्हे तर गाळलेल्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली. नवी भांडी आणली. एके सकाळी माझ्या दारात एक गुळगुळीत डोक्याचा, बिनमिशीचा माणूस येऊन उभा राहिला. मी विचारलं, "काय पाहिजे?"

"बावळटा, मी हाय," तो म्हणाला. डोकं, मिशी, हातावरचे केस, सगळं त्यानं न्हाव्याकडून काढून घेतलं होतं. भुवयांना न्हाव्यानं नकार दिला म्हणून त्या वाचल्या होत्या. मी हसलो. त्यालाही हसू आलं. मग तो म्हणाला, "कसं दिसतंय? वळखू येईन न्हवं मी?"

मी चहा ठेवायला उठलो.

चौका, म्हणजे आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक, सुंदराक्का करणार असं ठरलं. एवढं तोंडसुख घेऊनही पहिल्या दिवशी पहाटेच त्या ओल्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन त्याच्या चुलीपुढं हजर होत्या. जिनाप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून, हातात कलश आणि वर नारळ घेऊन दारात उभा राहिला. "अत्र तिष्ठ, तिष्ठ" चा सराव तो कित्येक दिवस करत होता, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. सगळ्या पेठेला दरडावणारा आवाज. प्रत्यक्ष माताजी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या, तेव्हा त्या आवाजातून नुसती हवा बाहेर पडली.

त्या पुढं गेल्या. खाली बघत, सावकाश. बारीक, वाळलेली मूर्ती. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरी थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज फुटला. तरीही त्या पुढं गेल्या. मग असंच चाललं. रोज पहाटे चूल, रोज कलश, रोज त्या येत आणि पुढं जात. संघातल्या दुसऱ्या आर्यिका इतर घरी थांबत. याच्या दारी कुणी नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली की मोह नको म्हणून मुद्दाम टाळतात. कुणी म्हणे, जनावरांचं घर, कसं थांबणार. मी जिनाप्पाला म्हटलं, "कशाला रोज उभा राहतोस? लोक बघतात."

"त्येंचा नेम असंल," तो म्हणाला. "आपन त्येच्यात बसत न्हाई, त्याला त्या काय करनार? उद्या एखाद्या वक्ती बसू."

पाऊस थांबला, नदी उतरली. चातुर्मास संपत आला. त्याच्या डोक्यावर खुंट वाढले की तो पुन्हा न्हाव्याकडे जाऊन यायचा. परसू रिकामं होतं. गोणपाट बांधलेल्या पायरीवर तो दुपारचा नुसता बसून असायचा.

आणि एका सकाळी त्या थांबल्या.

मी माझ्या दारात होतो. त्या त्याच्या कलशासमोर येऊन उभ्या राहिल्या. जिनाप्पा "अत्र तिष्ठ" म्हणतच राहिला. त्या थांबल्यात हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आतून सुंदराक्का ओरडल्या, "आरं थांबल्यात! परदक्षना घाल!" तेव्हा तो भानावर आला. त्यानं त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या, आत नेलं, पाटावर बसवलं. आर्यिकेच्या अंगाला पुरुषाचा हात लागायचा नाही, म्हणून त्यानं लांबूनच त्यांच्या पायांवर पाण्याची धार सोडली. ते पाणी बोटांनी कपाळाला लावलं. दार उघडं होतं. मी जैन नव्हे, म्हणून उंबऱ्याबाहेर रस्त्याच्या अंगाला उभा होतो. मला सगळं दिसत होतं. गल्लीतली आणखी चारपाच माणसं माझ्यामागे गोळा झाली.

त्यांनी ओंजळ केली. आधी कोमट पाणी. मग दूध. जिनाप्पाचा हात इतका स्थिर मी चित्र काढतानाही पाहिला नव्हता. मग सुंदराक्कांनी भात कालवून दिला, त्यानं पहिला घास ओंजळीत ठेवला. त्या खाली बघून सावकाश जेवत होत्या. त्यानं दुसरा घास ठेवला.

त्यांचा अंगठा ओंजळीत थांबला. भातात काहीतरी चाचपलं. मग त्यांनी दोन्ही हात उघडले आणि घास खालच्या पातेल्यात पडू दिला.

केस होता. लांब, पांढरा. उजेडात मला उंबऱ्यातून दिसला. तो शेळीचा नव्हता, मांजराचा नव्हता. त्या घरात डोक्यावर लांब पांढरे केस असलेलं एकच माणूस होतं, आणि ते हात तोंडाशी नेऊन मटकन खाली बसलं होतं. जिनाप्पानंही तो पाहिला. त्यानं पातेलं चटकन आपल्याकडे ओढलं.

"जनावराचा हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "माज्या घरातलाच. माजी चूक."

मागची माणसं बोलू लागली. "सांगत हुतो." "गोठ्यात चौका मांडलाय." एकजण तर दारातूनच म्हणाला, "जिनाप्पा, उपाशी उठवलंस की रं माताजींना!" जिनाप्पा मान खाली घालून उभा. बोडकं डोकं, पांढरं धोतर, हातात पातेलं. माताजींनी चूळ भरली, हात धुतले, पिंछी उचलली. अंतराय झाला की बोलायचं काही उरत नाही, आर्यिका नुसत्या निघून जातात. बस्तीत मी त्यांचं प्रवचन एकदा ऐकलं होतं. शांत, पोथीतल्यासारखी शुद्ध भाषा, एका सुरात.

दारापर्यंत येऊन त्या थांबल्या. गल्लीकडे बघून म्हणाल्या, "अंतराय ज्याच्या त्याच्या कर्मानं होतो. हा माझ्या कर्माचा आहे."

त्यांनी एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं. आणि मग मान न वळवता, वेगळ्याच आवाजात, भरभर, एखाद्या बाईनं चुलीपुढून बोलावं तसं म्हणाल्या, "ह्यास्नी कुनी काय बोलू नगा."

आणि गेल्या.

मागच्या माणसांपैकी कुणाच्या ते ध्यानात आलं की नाही, ठाऊक नाही. ती हळूहळू पांगली. आत सुंदराक्का रडत होत्या. जिनाप्पानं त्यांना उठवलं, "उठ आक्का, शेळीचाच हुता," म्हणाला, आणि जिन्यापर्यंत पोचवून आला. मग उंबऱ्यावर बसला. मी शेजारी बसलो. त्या दिवशी तोही जेवला नाही, पाणीसुद्धा प्याला नाही.

दुपार कलली तेव्हा तो म्हणाला, "फोटो, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"काय म्हनली?"

"ह्यास्नी म्हणाल्या."

त्यानं मान हलवली. चेहरा बरा होता, मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता इतका बरा. समोरून हळदीच्या पोत्यांची गाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आज सकाळी तू घरातनं निघालास, तवा तुज्या बायकोनं तुला काय म्हनून हाक मारली रं?"

मी आठवून बघितलं. डबा देताना ती काहीतरी म्हणाली होती खरी.

"सांग की," जिनाप्पा म्हणाला.

मला आठवेना.